वारेच्या पेशींचा कर्करोग, पुरुषाच्या शरीरात

कोरिओकार्सिनोमा हा वृषणाच्या कर्करोगाचा अत्यंत दुर्मीळ आणि आक्रमक प्रकार आहे. निव्वळ या प्रकारचे रुग्ण शंभरात एकही भरत नाहीत. त्याच्या पेशी गर्भवतीच्या वारेतील पेशींसारख्या असतात आणि गर्भारपणातले एचसीजी हे संप्रेरक तयार करतात. हा रोग रक्तावाटे लवकर पसरतो. वृषणातली गाठ हाताला लागण्याआधीच खोकल्यातून रक्त पडू लागते, असेही घडते.

बर्लिनमध्ये सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांनी 1928 च्या सुमारास गर्भारपणाची चाचणी तयार केली. बाईची लघवी वयात न आलेल्या उंदरिणींना टोचायची आणि काही दिवसांनी त्यांचे बीजकोश तपासायचे. त्यांत रक्ताळलेले ठिपके दिसले, की गर्भ राहिला असे समजायचे. वृषणाचा कर्करोग झालेल्या काही पुरुषांच्या लघवीनेही हाच बदल घडतो, हे झोंडेक यांना लवकरच आढळले. निदानाला खूण मिळाली, पण फुप्फुसांत पसरलेल्या रोगापुढे शस्त्रक्रिया आणि किरणोपचार दोन्ही हतबल होते.

त्या खुणेचे खरे मोल मिन चिऊ ली यांनी ओळखले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत काम करताना, स्त्रियांमधील कोरिओकार्सिनोमा मेथोट्रेक्झेट या औषधाला दाद देतो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह 1956 मध्ये प्रसिद्ध केले. एक्स-रेमध्ये गाठी दिसेनाशा झाल्या, तरी लघवीत संप्रेरक उरले असेपर्यंत ली औषध थांबवत नसत. नाहक विष दिले जाते, असा आक्षेप येऊन त्यांना संस्था सोडावी लागली. पुढे त्यांचीच पद्धत बरोबर ठरली. कर्करोगाच्या इतिहासातला हा मोठा अन्याय म्हटला पाहिजे.

पुरुषांतला रोग मात्र मेथोट्रेक्झेटने हटेना. त्यावरचे औषध अनपेक्षित ठिकाणी सापडले. मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले आणि ते दोऱ्यासारखे लांबत गेले. याला कारण वीज नव्हती, तर प्लॅटिनमच्या विद्युदग्रांतून द्रवात उतरलेली संयुगे होती. 1965 मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्यांतूनच सिस्प्लॅटिन हे औषध पुढे आले. इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी 1974 पासून ते व्हिनब्लास्टिन आणि ब्लिओमायसिनसोबत दिले. 1977 च्या अहवालातल्या, वृषणाचा कर्करोग पसरलेल्या 47 रुग्णांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांचा रोग पूर्ण नाहीसा झाला होता. उलट्या अनावर होत. मूत्रपिंडे जपण्यासाठी भरपूर सलाईन देण्याची पद्धत पडली. पुढे व्हिनब्लास्टिनची जागा एटोपोसाइडने घेतली.

आता संशय येताच सोनोग्राफी आणि रक्तातील एचसीजी पाहतात. अंडकोशातून सुई घालत नाहीत. वृषण जांघेतून काढतात, नाहीतर पेशींना लसीकेची नवी वाट मिळते. रोग आधीच फार पसरलेला असेल, तर शस्त्रक्रियेची वाट न पाहता केमोथेरपी सुरू होते. रक्तातील एचसीजी साधारण दीड दिवसात निम्मे व्हायला हवे. ही घट रेंगाळली, तर औषधे बदलण्याचा विचार करतात.