चौथी ते दहावी

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांतून, जन्मपत्रिका आणि विम्याच्या पावत्या यांच्या सोबतीने, एक कागद हमखास जपून ठेवलेला आढळतो. वर शाळेचे नाव, खाली मुख्याध्यापकांची सही व शिक्का, आणि मध्ये सात ओळींचा तक्ता : इयत्ता, शैक्षणिक वर्ष, शाळा, गाव, जिल्हा. चौथीपासून दहावीपर्यंत. बोलीत कोणी त्याला ‘बोनाफाईड’ म्हणतो, कोणी ‘स्टडी सर्टिफिकेट’. आम्ही १९७६ साली दहावीच्या परीक्षेला बसलो. त्याला आता पन्नास वर्षे होत आली. त्या निमित्ताने वर्गाच्या आठवणी लिहाव्यात असे ठरले, तेव्हा गुरुजनांचे गुणगान आणि खोड्यांची यादी हा नेहमीचा मार्ग समोर होताच. परंतु लिहायला बसलो आणि त्या सात ओळींपाशीच अडखळलो. आमच्या वर्गातल्या मुलामुलींचे पुढे काय झाले, हे गुणपत्रिकेपेक्षा त्या तक्त्याने अधिक ठरविले.

शाळेचे नाव येथे घेत नाही. सुलतान बाजार ते काचीगुडा या पट्ट्यात जे वाढले त्यांना ते सांगावे लागणार नाही. या शहरात मराठी शिक्षणाची परंपरा मोठी आहे. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी उभी केली, ती राजभाषा उर्दू असलेल्या राज्यात. पुढे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. आणि १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून त्याच विद्यापीठातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना शिकायला नागपूर गाठावे लागले. त्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. तेव्हा शाळेचा कागद आणि माणसाचे या भूमीतले स्थान यांचा संबंध आमच्या वेळी नव्याने जडला असे नव्हे.

त्या संबंधाचे जुने नाव ‘मुल्की’. आमच्या आजोबांच्या पिढीला हा शब्द समजावून सांगावा लागत नसे. १९१९ च्या फर्मानाने निजाम सरकारने राज्यातल्या नोकऱ्या मुल्की लोकांसाठी राखल्या. जन्माने जो राज्याचा प्रजाजन तो मुल्की. बाहेरून आलेल्यालाही मुल्की होता येई, मात्र त्याने पंधरा वर्षे कायम वास्तव्य केलेले असावे, आणि मूळ गावी परतण्याचा इरादा सोडून दिल्याचे प्रतिज्ञापत्र न्यायदंडाधिकाऱ्यासमोर करावे. या दुसऱ्या अटीचे आम्हाला अजूनही नवल वाटते. गावी कुलदैवत, वाट्याचा जमिनीचा तुकडा, दर चार वर्षांनी कुळाचाराला जाणे, आणि कागदावर मात्र ‘परतण्याचा इरादा नाही’! साताऱ्याहून किंवा कोकणातून आलेल्या कित्येक घरांनी ही शपथ घेतली असणार. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतून आलेल्यांना त्याची गरज नव्हती; मराठवाडा निजामाच्याच राज्यात असल्यामुळे ते जन्मतः मुल्की होते. रायरायान घराण्यासारख्यांनी तर येथे महसुलाचे दप्तर पिढ्यान्पिढ्या सांभाळलेले.

१९५६ च्या नोव्हेंबरात राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादेत राहिलेली मराठी घरे एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य ठरली. मुल्कीचा वाद मात्र मिटला नाही. १९५२ मध्ये शहरात ‘गैरमुल्की गो बॅक’च्या घोषणा झाल्या होत्या, गोळीबारही झाला होता. १९५७ च्या कायद्याने तेलंगणातल्या काही नोकऱ्यांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट पुन्हा घातली. मार्च १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तोपर्यंत स्वतंत्र तेलंगणाचे आंदोलन पेटलेले होते.

आम्ही चौथीत गेलो ते नेमके त्या जूनमध्ये. त्या सात ओळींतली पहिली ओळ. शाळा उघडली असे म्हणण्यापुरती उघडे आणि बंद होई. आमच्यातल्या बहुतेकांना त्या वर्षातले पाढे घरी ओसरीवर शिकल्याचे आठवते. मोठे भाऊ महाविद्यालयात होते त्यांचे वर्षच्या वर्ष गेले. आम्हाला मुल्की-गैरमुल्की कळत नव्हते. सुट्टी कळत होती.

१९७१ च्या जूनमध्ये सहावी, म्हणजे माध्यमिक शाळा. त्या डिसेंबरात युद्ध झाले आणि खिडक्यांना काळे कागद लागले. मराठी माध्यमाची पुस्तके बहुधा उशिरा येत, कधी सहामाही उलटल्यावर. तोवर सर इंग्रजी पुस्तक हातात धरून चालत्या वाक्यात मराठी करून सांगत आणि आम्ही ते उतरवून घेत असू. विज्ञानाचे सर तर अर्धे वाक्य मराठीत, पाव इंग्रजीत आणि उरलेले दखनीत पूर्ण करीत. ‘उष्णता वाढली, तो क्या होता?’ हा त्यांचा प्रश्न अजून कानात आहे. आज कोणी याला अशास्त्रीय म्हणेल. आम्हाला तीन भाषांत विचार करण्याची सवय लागली ती मात्र तेथेच. तेलुगूच्या बाई आम्हाला फार प्रेमाने शिकवीत, पण वर्गात तेलुगू लिहिताना आमची अक्षरे डोक्यावरच्या रेघेशिवाय उघडी पडल्यासारखी वाटत, आणि काही बहाद्दर ती रेघ खरोखरच ओढत. १९७५ च्या एप्रिलमध्ये शहरात पहिले जागतिक तेलुगू संमेलन भरले तेव्हा बाई इतक्या आनंदात होत्या की त्यांनी आम्हा मराठी मुलांनाही ती रोषणाई पाहून यायला लावले.

ऑक्टोबर १९७२ मध्ये, आम्ही सातवीत असताना, सर्वोच्च न्यायालयाने मुल्की नियम वैध ठरविले आणि आंध्र भागात प्रतिआंदोलन उसळले. जानेवारी १९७३ मध्ये नरसिंह रावांचे मंत्रिमंडळ गेले, राष्ट्रपती राजवट आली. त्या सप्टेंबरात सहा सूत्री तोडगा निघाला, मग घटनेत अनुच्छेद ३७१ घ घातला गेला, मुल्की नियम रद्द झाले. आणि आम्ही दहावीत, आणीबाणी चालू, अशा १९७५ च्या ऑक्टोबरात सरकारी नोकरभरतीविषयी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. वर्गात कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. आम्ही सहामाहीच्या तयारीत होतो.

या आदेशाने ‘मुल्की’ शब्द काढला आणि ‘स्थानिक उमेदवार’ हा शब्द आणला. वंश, जन्म, घर, शपथ, सारे बाजूला. पात्रता-परीक्षेला पहिल्यांदा बसण्यापर्यंतची सलग चार शैक्षणिक वर्षे ज्या भागातल्या शाळेत काढली, त्या भागाचा तो स्थानिक. जागा कितीही वरची असो, पात्रता-परीक्षा मोजायची ती दहावीच्या वर नाही. चार वर्षांचे जमले नाही तर सात वर्षे पाहायची, पण ती सगळी राज्यातच झालेली असावीत. मग जेथे जास्त काळ शिकला तेथला. म्हणून तो चौथी ते दहावीचा तक्ता. कनिष्ठ लिपिकाच्या व जिल्हा संवर्गाच्या थेट भरतीतल्या ऐंशी टक्के जागा स्थानिकांना, विभागीय संवर्गात सत्तर, ठरावीक राजपत्रित पदांत साठ. शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशांना १९७४ चा वेगळा आदेश होता. तेथे पंच्याऐंशी टक्के.

नियम म्हणून यात वाईट काही नव्हते, हे चाळीस वर्षांच्या जवळपास सरकारी दप्तरात घालवलेल्या माणसाने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे खोटे दाखले तहसीलमधून किती सहज मिळत, हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. शाळेची हजेरी खोटी करणे त्यामानाने कठीण. आमच्या वर्गातल्या एका मुलीला याचा फायदाच झाला. १९७८ मध्ये शहराभोवतीचा भाग तोडून रंगारेड्डी जिल्हा झाला आणि तिचे घर त्यात गेले, पण शाळा शहरातली म्हणून ती हैदराबाद जिल्ह्याची स्थानिक ठरली आणि शिक्षिका झाली.

वर्गात दोघे शेजारी बसत. एक सोलापूरचा. १९७२ च्या दुष्काळात वडिलांचे तेथले बस्तान उठले, ते सुलतान बाजारात मेहुण्याच्या दुकानी आले आणि हा सातवीत आमच्यात दाखल झाला. ‘नक्को’ म्हणायला शिकायलाच त्याला सहा महिने लागले. दुसरा येथलाच, त्याचे आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, घरी त्यांचे उर्दूतले मुल्की प्रमाणपत्र चौकटीत लावलेले, जन्मतारीख फसली सनात. पहिलीपासून आमच्याबरोबर. सातवीनंतर रेल्वेतल्या वडिलांची बदली पूर्णा जंक्शनला झाली आणि आठवी-नववी त्याने तेथे केली. सुट्टीत काचीगुड्याला मनमाडच्या मीटरगेज गाडीतून उतरला की तो थेट आमच्याकडे येई. दहावीला घरचे परतले आणि तो पुन्हा जुन्या बाकावर बसला. पूर्णा १९५६ पर्यंत याच राज्यात होती. १९७३ मध्ये ती परराज्य होती.

१९८४ च्या सुमारास दोघांनीही नोकरीचे अर्ज केले. सोलापूरकराच्या सातवी, आठवी, नववी, दहावी अशा चार ओळी सलग भरल्या, तो स्थानिक. पूर्णेवाल्याच्या तक्त्यात मधल्या दोन ओळींत ‘जिल्हा परभणी’ होते. चार सलग नाहीत. सात आहेत, पण राज्यात नाहीत. गंमत अशी की त्या दोन वर्षांत तो शाळेतच गेला नसता, नुसता हैदराबादेत घरी बसला असता, तर वास्तव्याच्या दाखल्यावर त्याचे काम झाले असते. आदेशात तशी तरतूद होती. तो निवडला गेला होता. कागदांच्या पडताळणीत ‘अस्थानिक’ असा शेरा पडला आणि खुल्या वाट्याच्या यादीत त्याचा क्रमांक थोडक्यात राहिला.

तो शेरा आमच्या हातचा होता. एका कार्यालयात तेव्हा पडताळणीच्या टेबलावर आम्ही कनिष्ठ होतो आणि धारिका आमच्याकडे आली. नियम वाचून पाहिला, पुन्हा पाहिला, वरिष्ठांना विचारले. दुसरे काही लिहिता येत नव्हते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८५ मध्ये, ६१० क्रमांकाचा शासकीय आदेश निघाला आणि नियम डावलून नेमलेल्या अस्थानिकांना परत पाठवा असे सरकारनेच म्हटले. म्हणजे इतरत्र असे शेरे न लिहिणारी टेबलेही होती. याचे समाधान मानावे की खेद करावा, हे आम्हाला आजतागायत ठरविता आलेले नाही. मित्र दोन वर्षे आमच्या घरी आला नाही. मग त्याला एका बँकेत नोकरी लागली, लग्नाची पत्रिका घेऊन आला, चहा घेतला, आणि त्या विषयावर एक अक्षर बोलला नाही. वर्गाने त्याचे नाव ‘गैरमुल्की’ पाडले, ते त्याने हसून चालवून घेतले. आज तो पुण्यात असतो.

२०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये राष्ट्रपतींचा नवा आदेश आला. योगायोगाने आम्ही त्याच वर्षी निवृत्त झालो. आता स्थानिकांचा वाटा पंच्याण्णव टक्के आहे आणि मोजायचे वर्ग बदलले आहेत : पहिली ते सातवी, त्यांतली चार वर्षे. माध्यमिक शाळेला आता त्या कामी फारसा अर्थ उरलेला नाही.

वर्गाच्या अलीकडच्या मेळाव्यात हा विषय सोलापूरकरानेच काढला. जेवणाच्या पंगतीत त्याने कागदी रुमालावर दोन तक्ते आखले, सात-सात ओळींचे. पहिली ते सातवी, पूर्णेवाल्याच्या सातही ओळींत हैदराबाद. स्वतःच्या तक्त्यात सहा वेळा सोलापूर लिहून सातव्या ओळीत तेवढे हैदराबाद. रुमाल त्याने पलीकडे सरकवला आणि म्हणाला, “घे. आता तू मुल्की, मी गैरमुल्की.”

पूर्णेवाल्याने चष्मा लावून तो नीट वाचला, घडी घातली, आणि आमच्याकडे देत म्हणाला, “यावर शेरा लिही. तुझे अक्षर चांगले आहे.”