ऐंशीवर थांबलेला काटा

अपोलो १३ ची गोष्ट आपण बहुतेक जणी शेवटाकडूनच ऐकतो. चंद्राकडे निघालेले तिघे, वाटेत झालेला स्फोट, आणि मग जीव मुठीत धरून पृथ्वीवर परत येणं. सिनेमाही त्याच थरारावर निघाला. मला मात्र त्याआधीचे काही तास जास्त महत्त्वाचे वाटतात. तेव्हा यान अजून फ्लोरिडात जमिनीवरच उभं होतं आणि कुणाच्याही जिवाला काही धोका आहे असं वाटत नव्हतं.

यानात प्राणवायूच्या दोन टाक्या होत्या. श्वासासाठी तर तो लागायचाच, पण वीज आणि पिण्याचं पाणीही त्यातूनच तयार व्हायचं. प्राणवायू अतिशय थंड आणि दाट करून भरलेला असे. तो वापरात यावा म्हणून टाकीत एक हीटर, आणि सारखा व्हावा म्हणून ढवळायला दोन पंखे. हीटर जास्त तापू नये म्हणून थर्मोस्टॅट. आपल्या इस्त्रीत असतो तसाच, ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा.

दोन नंबरची टाकी आधी अपोलो १० साठी बसवली होती. १९६८ साली ती काढताना एक बोल्ट तसाच राहिला आणि अख्खी चौकट जेमतेम पाच सेंटिमीटर उचलली जाऊन खाली आदळली. वरून काही दिसलं नाही. मार्च १९७० मध्ये उड्डाणापूर्वीच्या चाचणीत टाक्या भरून परत रिकाम्या करायच्या होत्या. एक नंबरची झाली, दोन नंबरची होईना. तेव्हा ठरलं, की आतला हीटर लावून प्राणवायू उकळून बाहेर काढायचा. हीटर सुमारे आठ तास चालू राहिला.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच ती. जमिनीवरची वीज ६५ व्होल्टची होती. टाकीतला थर्मोस्टॅट मात्र २८ व्होल्टला पेलेल असा. ६५ व्होल्ट चालतील असे भाग बसवा, ही सूचना १९६५ मध्येच निघाली होती. बाकीचं बदललं, हा एवढासा तुकडा राहून गेला. तापमान २७ अंश सेल्सियसला, म्हणजे त्यांच्या फॅरनहाइटमध्ये ८० ला पोचल्यावर तो उघडायला गेला आणि त्याची टोकं वितळून एकमेकांना चिकटली. वीज वाहत राहिली. हीटरच्या नळीत काही ठिकाणी तापमान ५०० अंशांच्या वर गेलं असावं, असं पुढे निघालं. अंधारात तवा मंद लाल दिसू लागतो तेवढं. तारांवरचं वेष्टण टेफ्लॉनचं होतं, आपल्या नॉनस्टिक तव्यावरच्या लेपाचं. ते जळून तडकलं.

तापमान दाखवणारा काटा होता ना? होता. आणि समोर माणूसही होता. पण त्या काट्याची धाव ८० फॅरनहाइटपर्यंतच होती. त्याहून जास्त कधी होणारच नाही, असं धरून तो बनवलेला. त्यामुळे आत भट्टी पेटली तरी काटा ऐंशीवरच, आणि बघणाऱ्याला वाटलं, सगळं बरोबर आहे.

आपण स्वयंपाकघरात असं वागत नाही. कुकर चढवला आणि बराच वेळ शिट्टी नाही झाली, तर आपण ‘शांत आहे, बरं आहे’ म्हणत नाही. हातातलं टाकून गॅस बंद करतो. पाणी गाळायचं फडकं फाटलं तरी पाणी खाली येतंच, उलट भराभर येतं. म्हणून तर ते उजेडात धरून बघायचं. आठ तास एकाच जागी उभा असलेला काटा हीसुद्धा बातमीच होती. पुढे एडगर कोर्टराइट यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळानं नेमकं हेच लिहिलं: हीटरच्या पॅनेलवर विजेचा प्रवाह दाखवणारा आकडा होता, तो पाहिला असता तर थर्मोस्टॅट उघडलेला नाही हे तिथंच कळलं असतं.

११ एप्रिल १९७० ला जिम लॉव्हेल, फ्रेड हेज आणि जॅक स्विगर्ट निघाले. प्रवासाच्या ४७ व्या तासाला दोन नंबरच्या टाकीत किती प्राणवायू आहे हे सांगणारा सेन्सर बिघडला आणि शंभराच्याही वरचा आकडा दाखवायला लागला. खात्रीचा आकडा मिळावा म्हणून ह्यूस्टननं टाक्या नेहमीपेक्षा जास्त वेळा ढवळायला सांगितल्या. १३ तारखेला स्विगर्टनी पंख्याचं बटण दाबलं. उघड्या तारांत ठिणगी पडली. टाकीतला दाब मिनिटभराहून जास्त वेळ चढत होता, ते आकडे पृथ्वीवर येतही होते. पण हायड्रोजनच्या टाकीतल्या कमी दाबाचा इशारा आधीच लागलेला असल्यानं त्याच यंत्रणेतला हा दुसरा इशारा वाजलाच नाही. एक पोर आधीच रडत असलं की दुसऱ्याचं रडणं कळत नाही, तसं झालं.

मग स्फोट झाला, पृथ्वीपासून सव्वातीन लाख किलोमीटरवर. ह्यूस्टनमध्ये प्राणवायू आणि विजेचे आकडे साय लीबरगॉट बघत होते. एकदम इतकं सगळं कोसळलेलं दिसल्यावर त्यांना आधी वाटलं, यंत्रं खोटं सांगताहेत. मी त्यांना दोष देणार नाही. तो सेन्सर खोटा निघालाच होता, आणि एवढं सगळं एका वेळी बिघडेल असं कुणी गृहीतच धरलं नव्हतं. खरं काय ते ठरलं लॉव्हेलच्या डोळ्यांनी. त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर यानातून कसला तरी वायू बाहेर अवकाशात चालला होता.

चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात आसरा घेऊन तिघे १७ एप्रिलला सुखरूप परत आले. स्फोट झालेला भाग वाटेतच सोडून दिला होता, त्यामुळे ती टाकी कुणाला उघडून बघता आली नाही. जे कळलं ते साठवलेल्या आकड्यांवरून, जुन्या कागदांवरून आणि तशाच टाकीवर पुन्हा केलेल्या चाचण्यांवरून.

पुढच्या यानांच्या टाक्यांतून पंखे आणि तो थर्मोस्टॅट काढून टाकले, तारांना पोलादी आवरण दिलं आणि प्राणवायूची तिसरी टाकी पहिल्या दोघींपासून लांब बसवली. अपोलो १४ जानेवारी १९७१ च्या ३१ तारखेला निघालं. त्यांना टाकी ढवळायचं बटणच नव्हतं.