भूमिपरीक्षा : हातभर खड्ड्यापासून पूररेषेपर्यंत

घर बांधण्यापूर्वी किंवा विकत घेण्यापूर्वी त्याच्याखालची जमीन आणि भोवतालची वस्ती पारखून घेण्याच्या क्रियेला प्राचीन वास्तुग्रंथांत भूमिपरीक्षा म्हटले आहे. आज हा शब्द मुहूर्त आणि दिशा यांच्या चर्चेत अडकून पडला असला, तरी मुळात त्यात हाताने करून पाहण्याच्या कसोट्या होत्या. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वास्तुविद्येवर जो अध्याय आहे, त्यात अशी एक कसोटी दिली आहे. नियोजित जागेच्या मध्यभागी एक हस्त, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण दीड फूट, मापाचा खड्डा खणावा आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरावी; माती उरली तर जागा उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. दुसऱ्या कसोटीत हाच खड्डा पाण्याने काठोकाठ भरायचा, शंभर पावले चालून परत यायचे आणि पाणी किती आटले ते पाहायचे.

या दोन्ही कसोट्यांमागचे कारण साधे आहे. घट्ट बसलेली माती खणली की मोकळी होऊन फुगते, म्हणून ती खड्ड्यात पुरती मावत नाही; उलट ती कमी पडली, तर त्या जागी पूर्वी भराव टाकलेला असावा किंवा आत पोकळी असावी, असा तर्क करता येतो. पाण्याची कसोटी जमीन किती झिरपू देते हे सांगते आणि त्यासाठी शंभर पावलांइतका ठराविक वेळ नेमून देते, ही त्यातली विशेष शहाणपणाची गोष्ट, कारण घड्याळ नसलेल्या माणसालाही ती दरवेळी सारखीच करता येते. मात्र याच अध्यायात मातीचा रंग, वास आणि चव यांवरून कोणत्या वर्णाने कोणत्या भूमीवर राहावे हेही सांगितले आहे. निरीक्षण कोठे संपते आणि समाजव्यवस्थेचा आग्रह कोठे सुरू होतो, याची रेघ ग्रंथकाराने आखलेली नाही. ती वाचणाऱ्यालाच आखावी लागते.

शेजाराचा विचारही वराहमिहिराने सोडलेला नाही. मंत्र्याच्या घराजवळ राहिल्यास धननाश, धूर्ताच्या शेजारी राहिल्यास पुत्राचा घात, देवळालगत उद्वेग, चव्हाट्यावर अपकीर्ती, वारुळे आणि बिळे असलेल्या जागी विपत्ती अशी फळे तो सांगतो. ही फळे शब्दशः घेण्याचे कारण नाही. पण सत्तेच्या फार जवळ राहू नये, गर्दीच्या आणि गोंगाटाच्या ठिकाणी झोपेची आशा धरू नये, वाळवीने पोखरलेल्या जमिनीवर भिंत उभारू नये, हा व्यवहार त्यांच्या आड स्पष्ट दिसतो.

दख्खनच्या पठारावर मात्र ग्रंथातली पाण्याची कसोटी जशीच्या तशी लावली तर फसगत होऊ शकते. येथील काळी कसदार माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे पावसाळ्यात भिजून मिटलेल्या काळ्या रानात खड्ड्यातले पाणी टिकून राहते आणि वैशाखात तेच पाणी भेगांतून पाहता पाहता नाहीसे होते. जी जमीन ऋतूप्रमाणे वर येते आणि खाली बसते, तिच्यावरच्या भिंतीला तडे जाणारच. मराठी मुलुखातील गावांनी याचे उत्तर ग्रंथाबाहेर शोधले होते. गावाच्या जमिनीची ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अशी विभागणी होती : काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. बहुधा थोड्या उंचवट्यावर असलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या भिंती, राख, चुना व शेण जिरून फिकट झालेल्या या मातीवर पुन्हा पुन्हा घरे उठत. जेथे पणजोबाचे घर टिकले तेथे पणतूचेही टिकेल, या हिशेबापुढे खड्डा खणून पाहण्याची गरजच उरत नसे. पांढरीचा उपयोग धाब्याच्या छतावर पसरण्यासाठीही होई, कारण ती पाण्याने काळीसारखी फुगत नाही.

अर्थात जागा पारखण्याचा हा अधिकार सर्वांना नव्हता. गावकुसाच्या आत कोणी राहायचे आणि बाहेर कोणी, हे जातीने ठरवलेले होते, आणि ज्यांना कुसाबाहेर राहणे भाग होते त्यांच्या वाट्याला मिळेल ती जमीन येई. भूमिपरीक्षेच्या इतिहासात ही बाजू सहसा लिहिली जात नाही, हे त्या इतिहासाचे मोठे न्यून मानावे लागेल.

शहरांत जमिनीपेक्षा पाणी आधी पाहिले गेले. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजहून नळाने पाणी आणून पुण्यात हौद भरले गेले आणि ज्या पेठांना हौद जवळ होता त्यांना आपोआप मोल आले. त्याच काळात वस्तीतून वाहणारा आंबिल ओढा वळवून पश्चिमेकडून मुठेत सोडण्यात आला, म्हणजे ओढ्याची जुनी वाट वस्तीला मोकळी झाली. पाणी मिळावे पण अंगावर येऊ नये, हे दोन्ही हेतू एका पिढीत साधले गेले. दुसऱ्याचे उत्तर कायमचे नव्हते, एवढेच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भीतीचे केंद्र मातीतून हवेत सरकले. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले, आणि त्यानंतरच्या वर्षांत दाट, अंधाऱ्या चाळींकडे रोगाचे घर म्हणून पाहिले जाऊ लागले. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगवली जात, आणि खोल्यांत ऊन यावे म्हणून छपराची कौलेही काढली जात. 1898 मध्ये कायद्याने स्थापन झालेल्या बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, म्हणजे शहर सुधारणेसाठीच्या सरकारी न्यासाने, जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढले आणि दादर, माटुंगा, शीव येथे नव्या वसाहती आखल्या. प्रकाशासाठी या न्यासाने 63½ अंशांचा नियम पुढे आणला : खोलीच्या तळाशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिले असता नजरेची रेषा या कोनापेक्षा चढी नसावी, म्हणजेच समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नसावी. हवा आणि उजेड यांचे असे साध्या भूमितीत रूपांतर झाल्यावर जागा पाहण्याचे काम मालकाच्या डोळ्यांकडून आराखडा मंजूर करणाऱ्याकडे गेले. शेजाराची निवड मात्र लोकांनी स्वतःकडेच ठेवली. 1915 मध्ये गावदेवीत स्थापन झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था किंवा दादरची पारशी कॉलनी यांमधून एका समाजाने एकत्र राहण्याची जुनी ओढ नव्या कायदेशीर रूपात पुढे आली.

पुण्यात पाण्याची भीती पुन्हा परतली ती 12 जुलै 1961 रोजी. त्या सकाळी पानशेतचे अपुरे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेकाठच्या पेठांतील वाडे पाण्याखाली गेले. त्यानंतर पूररेषा ही कल्पना हळूहळू नियोजनात रुजली. महाराष्ट्रात निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी आणि लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध, तर निळ्या आणि लाल रेषांमधले नियंत्रित मानले जाते. या आकड्यांचा अर्थ ग्राहक बहुतेक वेळा उलटा लावतो. ‘25 वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पूर येऊन गेला की पंचवीस वर्षे निश्चिंती असा नाही, तर दर वर्षी चार टक्के शक्यता असा आहे. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत निळ्या रेषेवरच्या घरात निदान एकदा पाणी येण्याची शक्यता त्यामुळे सुमारे 56 टक्के, आणि लाल रेषेवरच्या घरात सुमारे 18 टक्के निघते. शिवाय रेषा आखताना धरलेला पाऊस आणि पात्राची रुंदी पुढे तशीच राहील, याची हमी नकाशा देत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रुझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भराव आणि बांधकामे यांनी आवळलेल्या मिठी नदीने ही गोष्ट मुंबईला दाखवून दिली.

आजच्या खरेदीत सर्वाधिक कसून तपासली जाते ती मालकी. वकील सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहतो, निबंधक कार्यालयातील मागच्या साधारण तीस वर्षांच्या नोंदी चाळून शोध अहवाल देतो, आणि त्यावर बँक कर्ज मंजूर करते. त्याच तीस वर्षांत त्या सर्व्हे नंबरातून वाहणारा ओहोळ कधी बुजवला गेला, खाजणावर म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीवर किती भराव पडला, याचा शोध घेण्याची रीत मात्र रूढ झालेली नाही. मातीची चाचणी होते, पण ती इमारतीच्या पायासाठी, विकासकाच्या खर्चाने आणि ग्राहक येण्यापूर्वीच. तिचा अहवाल मागणारा ग्राहक विरळा.

पानशेतनंतर बेघर झालेल्या कुटुंबांना सरकारने शहराच्या कडेला जमिनी दिल्या, त्यांच्या सहकारी संस्था झाल्या, आणि गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. मुठेपासून दूर हा त्या जागांचा मोठा गुण होता. पेशवाईत वळवलेला आंबिल ओढा कात्रजकडून येतो तो याच सहकारनगराच्या अंगाने, आणि 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रज परिसरातील मुसळधार पावसाचे पाणी घेऊन तो अरण्येश्वर भागातील वस्त्यांत शिरला.