४४ तासांची आढी

झाडावर पिकलेला आंबा वेगळा आणि उतरवून आढीत घातलेला आंबा वेगळा, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. आढी चांगली जमली नाही तर आंबा वरून पिवळाधमक दिसतो आणि कापला की कोयीजवळ आंबट निघतो. साल पुढे जाते, गर मागे राहतो. आज ज्या शोधाचा इतिहास मी तुमच्यापुढे मांडणार आहे, तो याच तऱ्हेच्या फसवणुकीचा आहे. फक्त फळ आंब्याचे नाही; डुकरिणीच्या अंडाशयातले बीजांड आहे, आणि आढी गवताची नसून काचेच्या बशीतली आहे.

डुकराचे नाव काढताच कोणी नाक मुरडील, तर त्याला एवढेच सांगावेसे वाटते की ७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत, बाल्टिमोरच्या मेरिलँड विद्यापीठात, ५७ वर्षांच्या एका मरणासन्न रुग्णाच्या छातीत डुकराचे हृदय बसवण्यात आले. तो माणूस त्या हृदयावर दोन महिने जगला. मार्च २०२४ मध्ये बोस्टनला एका जिवंत रुग्णाला डुकराचे मूत्रपिंड देण्यात आले. माणसाची अवयवांची गरज मोठी आणि देणारे थोडे. म्हणून ही धडपड. वर्तमानपत्रांनी शल्यविशारदांची छायाचित्रे छापली, आणि ते योग्यच झाले. परंतु ज्या डुकराच्या पेशींत दहा-दहा आनुवंशिक बदल करावे लागतात, ते डुक्कर घडते कसे? नेहमीच्या रीतीत एका बीजांडाचे केंद्रक काढून टाकतात आणि बदल केलेल्या पेशीचे केंद्रक त्या जागी बसवतात. किंवा बीजांड फलित झाल्याबरोबर त्यातच बदल करतात. दोन्ही वाटांना बीजांडे लागतात, तीही शेकड्यांनी, आणि तीही पिकलेली.

ती मिळतात कुठे? कत्तलखान्यात. मांसासाठी मारलेल्या डुकरिणींची अंडाशये एरवी फेकूनच दिली जातात. प्रयोगशाळेचा माणूस ती कोमट खारट पाण्यात घालून थर्मासमधून आणतो. अंडाशयावर द्रवाने भरलेल्या पुटिका असतात. त्यांपैकी ३ ते ६ मिलिमीटरच्या निवडून सुईने द्रव ओढून घेतला की त्याबरोबर बीजांड येते, भोवती लहान पेशींचा दाट घेर घेऊन. हे बीजांड कच्चे असते. मादीच्या जन्माच्या सुमारासच त्याने विभाजनाला प्रारंभ करून ते मध्येच थांबवलेले असते. शरीरात मेंदूखालच्या ग्रंथीकडून संप्रेरकाची लाट आली म्हणजे ते जागे होते, अर्धी गुणसूत्रे बाहेर टाकते, आणि चाळीसेक तासांनी अंडाशयाबाहेर पडते. हे चाळीस तास शरीराबाहेर कसे काढायचे, हा सारा प्रश्न.

या इतिहासाचा पहिला धागा सापडतो १९३५ साली, अमेरिकेत. ग्रेगरी पिंकस हे नाव आज संततिनियमनाच्या गोळीमुळे ओळखले जाते. पण त्या वेळी तो हार्वर्डमध्ये सशांच्या बीजांडांवर काम करीत होता. त्याला आणि त्याचा सहकारी एन्झमान याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. पुटिकेतून बीजांड नुसते बाहेर काढून बशीत ठेवले, की ते आपण होऊन विभाजन पुढे चालू करते. संप्रेरक नको, काही नको. याचा अर्थ असा की पुटिका बीजांडाला केवळ पोसत नाही, तर अडवूनही धरते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘अजून वेळ झाली नाही’ म्हणून दाराशी थांबवलेल्या मुलासारखी त्याची स्थिती. दार उघडले की ते धावत सुटते. ही घाईच पुढे सर्वांना नडली, ते यथावकाश येईलच.

मधल्या काळातल्या दोन घटना धावत्या सांगतो. १९५१ साली चांग आणि ऑस्टिन यांनी, एकाने अमेरिकेत व दुसऱ्याने ऑस्ट्रेलियात, स्वतंत्रपणे दाखवले की शुक्रजंतूलाही मादीच्या शरीरात काही काळ राहिल्यावाचून बीजांडात शिरण्याची पात्रता येत नाही. आणि १९५९ मध्ये चांगने बशीत फलन घडवून सशाची जिवंत पिल्ले मिळवली. पण त्याची बीजांडे सशाच्या शरीरातच पिकलेली होती. झाडावरचा आंबा, आढीतला नव्हे. १९७८ च्या जुलैत इंग्लंडात जन्मलेल्या पहिल्या ‘परीक्षानळीतल्या’ मुलीचे बीजांडसुद्धा आईच्या शरीरातच पिकलेले होते. लोक पुष्कळदा या दोन गोष्टींची गल्लत करतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

त्या मुलीच्या जन्मामागचा शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स. त्याला पुढे २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. साठीच्या सुमारास तो मानवी बीजांडे पिकवण्याच्या खटपटीत होता. शस्त्रक्रियेत काढलेले अंडाशयाचे तुकडे मॉली रोझ या स्त्रीरोगतज्ज्ञ त्याला देत, तेही क्वचित. पिंकसने लिहून ठेवले होते की मानवी बीजांड १२ तासांत पिकते. एडवर्ड्स १२ तासांनी बघे, तर बीजांड ढिम्म! मानवी बीजांडे तर मूठभर. उधळून चालणार नव्हते. तेव्हा त्याने उंदीर, मेंढी, गाय, डुक्कर, माकड अशी सगळ्यांची बीजांडे बशीत घालून पाहिली. उंदराचे काम लवकर उरकते. डुकराचे तसे नाही; एक संपूर्ण दिवस उलटला तरी ते घाईवर येत नाही आणि पूर्ण पिकायला दीड दिवसाहून अधिक घेते. माणसाचेही तसेच निघाले. १९६५ साली हे त्याने प्रसिद्ध केले. एका थोर माणसाने लिहिलेला आकडा बाजूला ठेवून आणखी एक दिवस वाट पाहणे, एवढाच तो शोध होता असे कोणी म्हणेल. पण छापील आकड्यावर अविश्वास दाखवायला किती धैर्य लागते, हे आम्हा मास्तर मंडळींना विचारा.

पुढल्याच वर्षी केंब्रिजमध्ये हंटर आणि पॉल्ज यांनी डुकरिणीला संप्रेरक टोचून, ठरावीक तासांनी अंडाशयातली बीजांडे तपासून, शरीरातले वेळापत्रक नीट मांडले. आता झाडावरचे घड्याळ आणि बशीतले घड्याळ शेजारी ठेवता आले. दोन्ही बरेचसे जुळत होते. मग अडले कुठे?

अडले ते असे. १९७४ साली चेकोस्लोव्हाकियात मोत्लिक आणि फुल्का यांनी बशीत पिकवलेली डुकरिणीची बीजांडे घेऊन फलनाचा प्रयत्न केला. सूक्ष्मदर्शकाखाली बीजांडे पिकलेली दिसत होती. अर्धी गुणसूत्रे शिस्तीत बाहेर पडलेली. शुक्रजंतूही आत शिरत होते. पण आत शिरलेल्या शुक्रजंतूचे डोके उलगडून त्याचे नर-केंद्रक व्हावे लागते, ते धड होईना. पाहुणा घरात आला, पण त्याची गाठोडी सोडून घ्यायला कोणी उठेना! म्हणजे बीजांडाचे केंद्रक पिकले होते; पण भोवतालचे पेशीद्रव कच्चेच होते. साल पिवळी, गर आंबट. आजवर ज्या खुणेवरून ‘पिकले’ म्हणून ठरवत होते, ती खूणच अपुरी होती. या इतिहासातला हा क्षण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथून पुढे प्रश्नच बदलला.

कच्चेपणाचे एक कारण पुढे जपानी संशोधकांच्या हाती लागले. योशिदा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवले की बीजांडात ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य पुरेसे साठलेले असावे लागते. शुक्रजंतूच्या डोक्यातली गुणसूत्रे जणू दोरखंडांनी करकचून बांधलेली असतात. ते बंध सोडवायला हे द्रव्य लागते. बशीतल्या बीजांडात ते कमी पडे. त्यावर उपाय साधा निघाला: द्रावात सिस्टीन हे अमिनो आम्ल वाढवायचे, म्हणजे बीजांड स्वतःच ते द्रव्य तयार करते.

आता या द्रावाविषयीही दोन शब्द बोलायला हवेत. डुकरिणीची बीजांडे पिकवायला ज्या द्रावाचा फार उपयोग झाला, त्याचे नाव ‘माध्यम १९९’. ते १९५० साली कॅनडातल्या टोरांटोच्या कॉनॉट प्रयोगशाळेत मॉर्गन, मॉर्टन आणि पार्कर यांनी तयार केले. साठांहून अधिक घटकांचे ते मिश्रण, क्षार, जीवनसत्त्वे, अमिनो आम्ले असे सगळे मोजूनमापून. त्यांच्या मनात डुक्कर नव्हते. कोंबडीच्या गर्भातल्या पेशी वाढवायच्या होत्या. थोड्याच वर्षांत याच द्रावात माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी वाढवून त्यांवर पोलिओचा विषाणू पिकवला गेला, आणि साल्कच्या लशीच्या १९५४ सालच्या प्रचंड चाचणीला त्याचा उपयोग झाला. एकाच कढईतली ही दोन पक्वान्ने. तरीही हे १९९ एकटे पुरत नसे. त्यात डुकरिणीच्या पुटिकेतला द्रव मिसळला की काम सुधारे, आणि त्या द्रवात नेमके काय आहे हे मात्र नीट सांगता येत नसे. आजीच्या हातचे लोणचे चांगले होते; पण प्रमाण विचारले तर ती म्हणते, ‘अंदाजाने’. तशातलाच हा प्रकार.

१९८६ मध्ये केंब्रिजमध्ये चेंग, मूर आणि पॉल्ज यांना बशीतल्या फलनातून पिल्ले मिळाली. बीजांडे शरीरात पिकलेली होती. आणि १९८९ साली इटलीत मात्तिओली व त्याच्या सहकाऱ्यांनी बीजांड पिकवणे आणि फलन, दोन्ही शरीराबाहेर करून पिल्ले जन्माला घातली. आढीतला पहिला गोड आंबा! त्यांनी बीजांडांच्या सोबतीला पुटिकेच्या पेशी बशीत ठेवल्या होत्या. मुलाला परगावी शिकायला पाठवताना सोबत घरचे कोणी द्यावे, तसे.

त्यानंतरच्या सुधारणा दिसायला बारीक आहेत, पण एकाच दिशेने जातात. १९९३ साली अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठात फुनाहाशी आणि डे यांनी दाखवले की संप्रेरके पूर्ण काळ द्यायची नाहीत. पहिले २० तास द्यायची आणि मग काढून घ्यायची. शरीरातही लाट येते आणि ओसरते, नाही का? १९९७ मध्ये फुनाहाशीने आणखी एक युक्ती केली. पुटिका बीजांडाला दाराशी अडवून धरते, असे मघाशी म्हटले. ज्या रेणूमुळे बीजांड थांबून राहते तो म्हणजे चक्रीय एएमपी. त्याचाच एक भाऊबंद पहिल्या अर्ध्या काळात द्रावात घातला, की सगळी बीजांडे थांबून राहतात, मागची पुढच्यांना गाठतात, आणि पेशीद्रवाला पिकायला अवधी मिळतो. पिंकसने पाहिलेली ती घाई, तिच्यावरचा उतारा साठ वर्षांनी असा सापडला. एकूण ४२ ते ४४ तासांची आढी, ३९ अंशांच्या आसपास ऊब, आणि हवेत पाच टक्के कर्बद्विप्राणिल. आजही प्रयोगशाळांतली सर्वसाधारण रीत हीच आहे.

२०१७ साली मिसूरीतच युआन, प्रॅथर, रॉबर्ट्स आदींनी द्रावात तीन प्रथिने एकत्र घातली. प्रत्येक वेगवेगळी आधी माहीत होती. तिन्ही एकत्र आल्यावर भोवतालच्या पेशींचा घेर चांगला फुलला, त्यांनी बीजांडात खुपसलेले धागे योग्य वेळी मागे घेतले, आणि पिल्ले मिळण्याचे प्रमाण चौपट झाले. साऱ्या जगात ज्यांना बदल केलेली डुकरे हवी होती, त्यांना त्याचा अर्थ तत्काळ कळला.

म्हणजे आता सगळे जमले का? नाही. कत्तलखान्यात येणाऱ्या बहुतेक डुकरिणी वयात न आलेल्या असतात, कारण बाजाराला कोवळे मांस हवे. आणि त्यांची बीजांडे प्रौढ डुकरिणींच्या तुलनेत कमी कसाची निघतात. दुसरे संकट अधिक हट्टी. बशीत एका बीजांडात दोन-दोन, चार-चार शुक्रजंतू घुसतात. शरीरात बीजवाहिनी मोजकेच शुक्रजंतू पुढे सोडते. बशीत तो पहारा नाही, आणि बीजांडाची दार लावून घेण्याची ताकदही कमी. असा गर्भ सहसा टिकत नाही. केंद्रक बदलण्याच्या रीतीत शुक्रजंतूच लागत नाही, म्हणून ती वाट या संकटातून सुटली. फलित बीजांडात बदल करणाऱ्यांना मात्र त्याला तोंड द्यावेच लागते.

आणि या सगळ्याचा हिशेब शेवटी दुसऱ्या डुकरिणीच्या गर्भाशयात होतो. पॉल्ज, रोसन आणि आपला तो सशांवाला चांग या तिघांनी १९६६ मध्येच दाखवून दिले होते, की आरंभीच्या दिवसांत गर्भाशयात चारापेक्षा कमी गर्भ उरले तर डुकरिणीचे शरीर ते गरोदरपण सहसा चालू ठेवत नाही. दोन्ही शिंगांच्या आकाराच्या त्या लांबलचक गर्भाशयात ‘आम्ही आहोत’ हा निरोप पोहोचवायला एक-दोन गर्भांचा आवाज पुरत नाही. गायीच्या पोटात एक गर्भ ठेवून वासराची वाट पाहता येते. इथे तसे नाही. म्हणून बशीतले डझनावारी गर्भ, केंद्रक बदललेले असतील तर शंभराच्याही वर, एका डुकरिणीत सोडतात. त्यांतले चार तग धरून राहिले तर साडेतीन-पावणेचार महिन्यांनी पिल्ले होतात. न राहिले, तर तीन आठवड्यांच्या आसपास ती पुन्हा माजावर येते, आणि थर्मास घेऊन कोणीतरी पुन्हा कत्तलखान्याच्या वाटेला लागतो.