एका बाणावरून पोरीला जोखू नका

दर वेळी मी बचतीचा हिशेब सांगते, आज बाणांचा सांगणार आहे.

झालं असं, आमच्या गटातल्या एक ताई बैठकीत म्हणाल्या, "पोरीची तिरंदाजी बंद करते. स्पर्धेत दोन बाण पार बाहेर गेले. तिच्यात काही दम नाही." पोर नववीत. घरात स्थळांची कुजबुज सुरू झालेली. म्हटलं, थांबा, आधी मैदानावर जाऊन बघू.

मी काही खेळाडू नाही, पण बी.ए.ला इतिहास होता, त्यामुळे जुनं वाचायची खोड आहे. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची तिरंदाजी झाली. स्पर्धा दोन दिवसांची, प्रत्येकीला १४४ बाण. पहिल्या दिवशी पुढे होती लॉटी डॉड, विंबल्डन पाच वेळा जिंकलेली. दुसऱ्या दिवसअखेर सुवर्ण मिळालं क्वीनी न्यूऑल यांना. गुण ६८८, डॉडचे ६४२. न्यूऑलबाईंचं वय तेव्हा ५३! पहिल्याच दिवशी निकाल लावला असता तर?

आता आपल्याजवळचं. माळशिरस ओलांडलं की फलटण, आणि पुढे सातारा. तिथल्या शेरेवाडीच्या अदिती स्वामीनं ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये, सतराव्या वर्षी, कंपाउंड धनुष्याची जागतिक स्पर्धा जिंकली. कंपाउंड म्हणजे चाकं बसवलेलं धनुष्य. लक्ष्य ५० मीटरवर, आणि दहा गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटीमीटरचं, छोट्या वाटीच्या तोंडाएवढं. अंतिम फेरीत तिचे पंधरा बाणांचे गुण १४९. म्हणजे चौदा बाण दहात आणि एकच नऊत. एक बाण नेमका लागणं नशिबाचंही असेल. चौदा बाण नशिबानं लागत नाहीत.

मग सातत्य ओळखायचं कसं? मैदानावरच्या सरांनी आम्हाला दाखवलं. एक बाण बघायचाच नाही, सहा बाण एकत्र बघायचे. सहाही जवळजवळ लागले, पण मधोमध न लागता कोपऱ्यात, तर पोरीचा हात पक्का आहे. नेमाची खूण तेवढी सरकवायची. सहा बाण सहा दिशांना गेले, तर उभं राहणं, ओढणं, सोडणं दर वेळी बदलतंय. तिथं सराव हवा.

उडतानाही बाण बोलतो. शेपटी वर-खाली हलली, तर दोरीवर बाण लावायची जागा चुकली असण्याची शक्यता. डावी-उजवीकडे हलली, तर बाणाची दांडी त्या धनुष्याला फार ताठ किंवा फार लवचीक असू शकते. थोडं लवणं मात्र स्वाभाविक आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन यांनी वेगवान कॅमेऱ्यानं चित्रं घेतली, तेव्हा दिसलं की सुटलेला बाण माशासारखा लवत धनुष्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. आपल्या साध्या डोळ्याला ते दिसत नाही. म्हणून एक युक्ती करतात. पिसांचे काही बाण मारायचे आणि त्यांच्यासोबत एक बिनपिसांचा. पिसं बाणाला सावरून घेतात. बिनपिसाचाही त्यांच्याजवळच लागला, तर धनुष्य आणि बाण जुळलेत.

सरांनी पोरीच्या बाणांवर एक ते सहा आकडे घातले आणि चार वेळा मारायला लावले. वहीत मी लिहून घेतलं. पाच बाण एका तळव्यात मावतील एवढे जवळ. चार नंबरचा चारही वेळा बाहेर! हातात घेऊन बघितला, तर एक पीस फाटून उचकटलेलं. पीस बदललं, बाण बाकीच्यांत जाऊन बसला.

ताई कितीतरी वेळ त्या बाणाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फाटलं होतं पीस, आणि मी पोरीला बोलले."

मैत्रिणींनो, एका महिन्याचा हप्ता चुकला म्हणून आपण बाईला गटातून काढत नाही, आधी तिचं पासबुक बघतो. पोरींचंही तसंच करू या. मैदानावर जा, वही न्या, सहा बाण मोजा. पुढच्या बैठकीला ताई पोरीची वही आणणार आहेत. तुमच्या पोरींच्याही घेऊन या.