प्रवाशाच्या नजरेला काय भावते?

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या प्रांगणात पाऊल ठेवणाऱ्या भाविकाला वाट विचारावी लागत नाही. पांढरी वास्तू आणि तिच्यावरील सोन्याचा मुलामा दिलेला घुमट समोरच असतो. महाराजा रणजितसिंग यांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान उभारलेल्या या वास्तूचे रूप अमृतसरच्या सुवर्णमंदिराची आठवण करून देते. म्हणूनच हजार किलोमीटरहून अधिक अंतर तोडून पंजाबातून आलेल्या यात्रेकरूला ती परकी वाटत नाही. वारंवार नजरेस पडणारी गोष्ट केवळ परिचयानेही आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले होते.

मात्र परिचय पुरेसा नसतो. गुरू गोविंदसिंग यांच्यावर १७०८ मध्ये जेथे अंत्यसंस्कार झाले, त्या जागेवरील 'अंगीठा साहिब' या अंतर्गृहात सर्वसामान्यांना प्रवेश नाही. दर्शन बाहेरूनच घ्यावे लागते. यामागे अर्थातच श्रद्धा व परंपरा आहे, परंतु रचनेचा मनावर होणारा परिणामही नाकारता येत नाही. एखादे स्थळ चटकन उमगावे, तरीही त्यात काही पाहायचे उरावे, अशी माणसाची दुहेरी ओढ असते, असे रेचल व स्टीफन कॅप्लन या अमेरिकी अभ्यासक दाम्पत्याने मांडले.

लातूरची गंजगोलाई या दृष्टीने मोठी गमतीची आहे. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार १९१७ मध्ये आकाराला आलेल्या या वर्तुळाकार बाजाराला १६ रस्ते येऊन मिळतात आणि मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आहे. शहराचे चित्र मनात ठसायचे तर ठळक खुणा व केंद्रे हवीत, हा केविन लिंच यांचा १९६० मधील सिद्धान्त. येथे दोन्ही आहेत. पण नवखा पाहुणा एक फेरी मारतो आणि आपण कोणत्या रस्त्याने आलो हेच विसरतो, कारण वर्तुळाला कोपरा नसतो! अखेर सराफा, कापड, चपला अशी दुकानेच त्याला दिशा सांगतात. सगळ्या दुकानांना एकसारखे फलक लावण्याचा मोह अशा ठिकाणी टाळलेलाच बरा.

औसा येथील भुईकोट किल्ल्याची तऱ्हा याच्या उलट. चहूबाजूंच्या उंचवट्यांमुळे त्याची तटबंदी दुरून जवळजवळ दिसतच नाही. आतल्या उंच जागेवरून मात्र दूरवरचा शत्रू हेरता येतो. आपल्याला सर्व दिसावे, पण आपण कोणाला दिसू नये, अशी जागा माणसाला उपजतच सुखावते, असे ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये प्रतिपादन केले. सैनिकी गरजेतून घडलेली ही रचना आज तिथे येणाऱ्या पर्यटकाला बुरुजावर रेंगाळायला लावते, ती याच कारणाने.

'सुशोभीकरणा'च्या योजना आखताना नेमका याच गोष्टीचा विसर पडतो. रंगीत कारंजी, चकचकीत फरशी आणि छायाचित्रासाठी उभारलेली मोठाली अक्षरे कोणत्याही शहरात दिसतात. ती पाहण्यासाठी औशाला येण्याचे कारण नाही. तट दुरूनच उठून दिसावा म्हणून प्रखर दिव्यांची रांग लावली, तर किल्ला अवचित समोर येण्यातली मौजच संपेल. त्यापेक्षा खंदक स्वच्छ राखणे, बुरुजाच्या पायऱ्या चढण्याजोग्या ठेवणे आणि वळणावर एक साधा दिशाफलक लावणे, एवढी कामे पुष्कळ आहेत.