कुंडींतला पिंपळ

आमच्या रत्नागिरीकडे जांभ्या चिऱ्याचे गडगे, विहिरी आणि देवळांच्या भिंती जितक्या जुन्या, तितकाच त्यांत रुजणाऱ्या पिंपळाचा उपद्रवही जुना आहे. पक्षी फळें खातात, बीं फटींत पडतें आणि रोप उगवतें. तें वाढूं द्यावें तर मुळें भिंत फोडतात. तोडावें तर पिंपळावर कोयता चालविण्यास हात धजत नाहीं. या पेचांतून सुटण्याचा एक मार्ग पूर्वेकडील देशांनीं दाखविला आहे.

उथळ पात्रांत झाड लहान राखण्याची कला मूळची चीनमधील. तेथील झांगहुआय राजपुत्राच्या इ. स. ७०६ मधील थडग्याच्या भिंतीवर, लहान झाडांचें तबक नेणारे सेवक रंगविलेले आहेत. पुढें जपाननें ही कला आपलीशी केली. इ. स. १३०९ च्या एका जपानी चित्रमालिकेंत तबकांतील बुटकीं झाडें दिसतात. ‘बोन्साय’ या शब्दाचा अर्थच तबकांत लावलेलें झाड. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोच्या कांहीं माळ्यांनीं १९२५ सालीं ओमिया येथें या झाडांची वसाहतच वसविली.

हिरोशिमाच्या यामाकी घराण्याकडे पांढऱ्या पाइनचें एक झाड होतें. १६२५ पासून कुंडींत वाढविलेलें तें झाड ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबांतूनही वांचलें. १९७६ सालीं तें अमेरिकेस भेट म्हणून देण्यांत आलें व वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानांत ठेवलें गेलें. तें बाँबांतून वांचल्याची हकीकत तेथील लोकांस कळली ती २००१ मध्यें, यामाकींचे नातू झाड पाहावयास गेले तेव्हां!

हें वाचून मींही मृगाच्या पावसांत गडग्यांतील वीतभर पिंपळ अलगद काढला. सोटमूळ छाटलें, तंतुमुळें राखलीं आणि तळास भोंकें असलेल्या उथळ कुंडींत जांभ्याची बारीक खडी, माती व कुजलेलें शेणखत घालून तो लावला. शोभेसाठीं माजघरांत ठेवला आणि उन्हावांचून घालविला. दुसरा अंगणांत ठेवला, तो जगला. त्याचा शेंडा खुडला. फांदीस तांब्याची तार गुंडाळून बाक दिला आणि तार सालींत रुतण्यापूर्वींच सोडविली. दोन वर्षांनीं पावसाळ्याच्या तोंडास मुळें छाटून माती बदलली.

कोणी म्हणतात, हा झाडाचा छळ आहे. झाड उपाशी ठेवून लहान राहत नाहीं, तें मरतें. वैशाखांत त्यास दोन वेळां पाणी लागतें, आणि एक दिवसाची हयगयही त्यास भोंवते. गडग्यांतला पिंपळ आपली सोय आपण पाहतो. कुंडींतल्याचा भार मात्र आपणांवर असतो.

मी साठी ओलांडलेली आहे. नीट निगा राहिली तर हा पिंपळ मजहून पुष्कळ अधिक जगेल. म्हणून हल्लीं सकाळचें पाणी मी स्वतः घालीत नाहीं. शेजारचा एक विद्यार्थी घालतो, आणि मी पडवींत बसून पाहतों.